खडू धरलेला ट्रेलर

फायबरवर बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं मशीन, मारला की पांढरा धुरळा उडतो. संध्याकाळी अंघोळ करा, कान पुसा, डोकं धुवा. दुसऱ्या दिवशी डबा उघडला की तो पोळीच्या घडीत बसलेला असतोच. याकूबभाईच्या शेडमधल्या किश्श्यांचंही तसंच आहे. झाडून टाकावेत म्हटलं तरी कुठून ना कुठून निघतात. परवा नातीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही शेडमध्ये नक्की करता काय?"

मी म्हणालो, "म्हाताऱ्या गाड्या तरुण करतो."

तिनं मला खालून वरपर्यंत बघितलं. "मग ते मलम स्वतःला का नाही लावत?"

शेड चाकणला, एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याला. मालक याकूबभाई. बफच्या कामात चाकणमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नाही, असं तो स्वतःच सांगतो. दुसरा बालाजी, लातूरकडचा. पाण्याचा पेपर, म्हणजे ओला करून मारायचा पॉलिश पेपर, घासायला बसला की उठत नाही, आणि जेवायला बसला तरी उठत नाही. तिसरा मी, नाना. शाळा सातवीत सोडली, कंपनीच्या पेंट शॉपमध्ये जन्म काढला, रिटायर झालो आणि घरच्यांच्या आग्रहाखातर परत कामाला लागलो. मी घरी बसलो असतो तर त्यांना दुसरं घर बघावं लागलं असतं.

आता एवढं एकच शास्त्र सांगतो. फायबरच्या वस्तूवर एक चकचकीत थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. वस्तू वर्षानुवर्षं उन्हात उभी राहिली की तो थर मरतो आणि अंगावर पूड येते. आम्ही म्हणतो, गाडीनं खडू धरला. तपासायची रीत सोपी आहे. तळहात फिरवायचा. हाताला पूड लागली की खडू.

माझी रीत वेगळी. शेडवर कोणी काळी पँट घालून आला की मी खडू धरलेल्या गाडीकडं बोट दाखवून म्हणतो, "टेका की राव, ताटकळत का उभे?" एक विमा विकणारा असाच टेकला होता. आमच्याकडून उठून शेजारच्या कंपनीत गेला, तिथून तिसऱ्या. पॉलिसी एकही खपली नाही, पण तो ज्या दारातून बाहेर पडला त्या दारात लोक हसत उभे होते.

*

मोरे बाई आल्या त्या दिवशी मात्र डाव उलटला.

दुपारी एक जुनी जीप शेडसमोर थांबली. जीपमागं फायबरचा ट्रेलर, कॅम्पिंगला नेतात तसला. दोन माणसांना झोपायला जागा, छोटा ओटा, एक खिडकी. रंग कोणता ते सांगणं अवघड. धुऊन धुऊन विरलेल्या बनियनचा जो असतो, तो.

जीप चालवत होत्या मोरे बाई. चऱ्होलीच्या एका सोसायटीत राहतात, महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. शेजारी मोरे काका, मांडीवर काठी.

मी सवयीनं म्हणालो, "बाई, टेका की जरा. लांबून आलाय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हात दाखवा."

मी हात पुढं केला. त्यांनी मनगट धरून माझाच तळहात ट्रेलरवरून फिरवला आणि माझ्याच तोंडासमोर धरला. पांढराफटक.

"सगळी नोकरी मी खडू खाल्लाय," बाई म्हणाल्या. "हा पुसला जाईल की नाही, तेवढं सांगा."

याकूबभाई मागून म्हणाला, "जाईल बाई. आणि तो हात असाच राहू द्या, नानाला शोभतोय."

*

बाईंची अडचण वेगळीच होती.

ट्रेलर काकांनी रिटायर झाल्यावर हौसेनं बनवून घेतला होता. दोघं त्यात तारकर्लीला गेले, हंपीला गेले. मग काकांचे गुडघे गेले. ट्रेलर सोसायटीच्या कुंपणाशी उन्हात उभा राहिला तो राहिलाच. आता गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, काका परत चालायला लागले, आणि दिवाळीनंतर पुन्हा समुद्रावर जायचं दोघांनी ठरवलं.

इतक्यात सोसायटीच्या चेअरमनची नोटीस. "कुंपणालगतचे भंगार हलवावे."

कारण काय, तर झेंडावंदनाला चेअरमन निळा कोट घालून आले, ट्रेलरला टेकून फोनवर बोलले, आणि मग सगळ्या सोसायटीकडं पाठ करून झेंडा फडकवायला गेले. पाठीवर पांढरा पट्टा, खांद्यापासून कमरेपर्यंत. लहान पोरं राष्ट्रगीताला हसली. दुसऱ्या दिवशी नोटीस आली.

"दोन आठवड्यांनी रविवारी सभा आहे," बाई म्हणाल्या. "मतदान घेणार आहेत. बहुमत विरोधात गेलं तर सोमवारी भंगारवाला टेम्पो घेऊन येईल."

काका हळूच म्हणाले, "निळा होता हो हा. गडद निळा."

आम्ही तिघांनी ट्रेलरकडं बघितलं. खरं सांगतो, विश्वास कोणाचाच बसला नाही.

*

धुवायला घेतला तर पाणी अंगावर थांबेना, आणि घाण निघेना. बालाजीनं साबण लावला, घासलं, परत लावला. फडकं चिकट.

"नाना, ह्याला काय लावलंय बगा की. हात चिकटू लालाय."

मी बाईंना फोन केला. हात का चिकटतो ते विचारलं. बाई बोलल्या, पण माझ्याशी नाही. "अहो, सांगा आता."

काकांनी फोन घेतला. नोटीस आल्यावर त्यांनी चमक आणायला ट्रेलरला खोबरेल तेल लावलं होतं. सगळ्या अंगाला. बाई माहेरी गेल्या होत्या तेव्हा.

"चमक आली का पण?" मी विचारलं.

"दोन दिवस फार सुंदर आली."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"मुंग्या आल्या." मग अपमान झाल्यासारखे म्हणाले, "तेल शुद्ध होतं."

सोसायटीशेजारी तीन इमारतींचं बांधकाम चालू. त्यांचं सगळं सिमेंट त्या शुद्ध तेलावर येऊन बसलं होतं. ते काढायला बालाजीला दोन दिवस लागले, आणि दोन्ही दिवस तो मला विचारत होता, "नाना, भजी तळायची व्हती का ह्याच्यावर?"

*

धुऊन झाल्यावर मला खाज सुटली.

मेलेल्या जेलकोटवर बोटाला पॉलिशचं कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, लावून घासलं की घासलेली जागा चमकते, आजूबाजूचं तसंच मळकट राहतं. म्हणजे पाटी आणि पेन्सिल दोन्ही तयार. बालाजी जेवायला गेला तेवढ्यात मी ट्रेलरच्या पाठीवर हातभर मोठ्या अक्षरात लिहिलं: "बालाजिला मूलगी पाहणे आहे."

मी समजत होतो, फडक्यानं पुसून टाकू. पण कंपाउंड पुसलं तर अक्षरं आणखी चमकली. आणि काय सांगू, अक्षरं निळी होती. गडद निळी. काका खोटं बोलले नव्हते.

बालाजी आला, वाचलं, लाजला. चिडेल म्हणून मी पळायच्या तयारीत, तर तो म्हणतो, "नाना, खाली नंबर बी लिवा की."

तेवढ्यात बाई आल्या, काम कुठवर आलं ते बघायला. ट्रेलरसमोर उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आता मेलो. लोकांच्या गाडीवर लग्नाची जाहिरात.

बाईंनी कंपाउंडच्या डबीत बोट बुडवलं. 'बालाजिला'ची वेलांटी काट मारून दीर्घ केली, 'मूलगी'चा उकार तसाच ऱ्हस्व केला, मागं सरकून एकदा सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "आता कोणी तरी देईल मुलगी." मग त्या निळ्या अक्षरांवर तळहात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. तळहात उचलून बघितला. स्वच्छ.

"उरलेला कधी करताय?" त्यांनी विचारलं, पण आवाज जरा ओला होता.

*

उरलेला म्हणजे सगळाच. बालाजीनं पाण्याचा पेपर मारला, आधी खरबरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. याकूबभाईनं बफ हातात घेतला. तो मला कधी देत नाही. एकदा दिला होता, मी गप्पा मारत एका जागी धरला आणि कोपरा जाळला. तेव्हापासून म्हणतो, "बफ फिरता पाहिजे नाना. तुझ्यासारखा एका जागी बसून बोलायला लागला की आग लागते."

अर्धा ट्रेलर निळाशार झाला, अर्धा राहिला, आणि आला गुरुवार. आमच्याकडं गुरुवारी लाइट जाते. सकाळी गेली ती दुपारपर्यंत येईना; कुठं तरी केबल जळाली म्हणे, शुक्रवारचाही भरवसा नाही. रविवारी सभा. याकूबभाई बफ मांडीवर घेऊन बसला, पेटी बंद पडलेला पेटीवाला बसतो तसा.

बाई आल्या, परिस्थिती बघितली. आजूबाजूच्या शेडमधली माणसं मशिनी बंद म्हणून बाहेर तंबाखू मळत बसली होती. बाईंनी टाळी वाजवली.

"इकडे या सगळे. रांगेत."

काय सांगू राव, आली! प्रेस शॉपवाले, लेथवाले, चहावाला, सगळे बापे रांगेत. बाईंनी चिकटपट्टी लावून राहिलेल्या बाजूचे चौकोन पाडले. प्रत्येकाला एक चौकोन, एक फडकं. गोल फिरवायचं, दाबून, बोलायचं नाही. बोलला की बाई नाव घेऊन दटावायच्या. तंबाखू थुंकून यायला लावलं. मोरे काका काठी टेकत फडकी धुऊन देत होते आणि प्रत्येकाला तारकर्लीची वाळू किती मऊ आहे ते सांगत होते.

संध्याकाळी बाईंनी चौकोन तपासले. प्रत्येक चौकोनाच्या पट्टीवर मार्क लिहिले. याकूबभाई दहापैकी नऊ. बालाजी आठ. प्रेस शॉपवाला सात. मला चार.

"बाई, यांना सगळ्यांना मीच शिकवलंय," मी म्हणालो.

"म्हणूनच कोणाला दहा पडले नाहीत."

पण पास होतो. त्यांनीच सांगितलं, पस्तीस टक्क्यांना पास. सातवीत राहिलेलं काम ट्रेलरनं केलं.

*

शनिवारी मेणाचा शेवटचा हात मारून ट्रेलर चऱ्होलीला नेऊन उभा केला. जुन्याच जागी, कुंपणाशी. तिथून सोसायटीची बाग लागते. बागेत बसायला फायबरचे मशरूम आहेत, लाल, वर पांढरे ठिपके. चेअरमननी स्वतः पसंत करून आणलेले. पाटीवर तसं लिहिलंय. मी जाता जाता एका मशरूमवरून सवयीनं हात फिरवला, आणि हात खिशात घातला.

रविवारी दहाला बागेत सभा भरली. आम्ही तिघं धुतलेले कपडे घालून मागं उभे. ट्रेलर असा चमकत होता की समोरची अख्खी इमारत त्यात उभी, गॅलरीतल्या वाळत घातलेल्या चादरींसकट. बायका त्यात बघून पदर सारखे करत होत्या.

चेअरमन आले, तोच निळा कोट, खाली काळी पँट. ट्रेलर बघून गडबडले, पण माघार कशी घेणार?

"वरवरची चमक आहे ही," ते म्हणाले. "मागं तेलानं पण आली होती. प्रश्न पुडीचा आहे. लोकांचे कपडे खराब होतात."

बाई उठल्या. "टेका साहेब."

काकांनी काठी घट्ट धरली. चेअरमन टेकले. चांगले घासून टेकले, खांदा, पाठ, कंबर. मग वळले आणि पाठ दाखवली.

कोट स्वच्छ. एक कण नाही. मागून कोणी तरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. काका रडत होते की हसत होते ते कळेना, बहुतेक दोन्ही.

हात वर झाले. ट्रेलर राहणार. चेअरमन माणूस हुशार, हरलेलं दिसू द्यायचं नाही म्हणून लगेच म्हणाले, "पण नियम झाला पाहिजे. इथून पुढे आवारातल्या ज्या फायबरच्या वस्तूची पूड कपड्याला लागेल, ती आठ दिवसांत भंगारात. कोणाचीही असो."

"'कोणाचीही असो' हे लिहून घ्या," बाई सेक्रेटरीला म्हणाल्या. ठराव एकमतानं पास. चेअरमननी तिथंच सही ठोकली आणि घाम पुसला.

मला दया आली. मी पुढं होऊन म्हणालो, "दमलात साहेब. बसा की जरा."

ते मशरूमवर बसले. चहा आला, बिस्किटं आली. चहा पिऊन साहेब आभार मानायला उठले, आणि आधी पाटीजवळ सत्कारासाठी ठेवलेला हार घ्यायला सभेकडं पाठ करून वळले.

काळ्या पँटवर दोन गोल. गुलाबी.

पहिलं पोर हसलं, मग अख्खी बाग. चेअरमन हार हातात धरून विचारतायत, "काय झालं? काय झालं?" कोणी सांगेना. सेक्रेटरी ठरावाची वही मिटायला लागला.

मोरे बाईंनी चष्मा पुसला, नाकावर ठेवला आणि म्हणाल्या, "वही मिटू नका अजून."