तीन शेर तांदूळ आणि उलटा अपूर्णांक

माझ्या पत्रकाचा मथळा होता, ‘आधी शिक्षकांना गणित शिकवा!’ पेणहून रोह्याला जाताना गठ्ठा मांडीवर होता आणि डोक्यात राग. प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षण म्हणजे हजेरीवर सही, चहा, पडद्यावर चित्रं, आणि गणित सोडून बाकी सगळं. हे मी आजही म्हणते.

रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या शाळेत असंच प्रशिक्षण होतं, तिथं पत्रकं वाटायला मी जाऊन बसले. त्या दिवशी मात्र प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी फळ्यावर एकच गणित लिहिलं. तीन भागिले पाऊण. सगळ्यांनी पाऊण, म्हणजे तीन छेद चार, उलटवून गुणला. उत्तर चार.

“बरोबर. पण का उलटवायचा?” बाईंनी विचारलं.

निडीकडच्या शाळेतल्या एक मॅडम उठल्या. “मला नाय माहीत. बारा वर्षं सांगत्येय, उलटवा नि गुणा. परवा पाचवीतल्या एका मुलीनं ‘का’ विचारलं, तर तिला गप बसवलं मी.” मग हळूच म्हणाल्या, “मला पाचवी नकोच. सोमवारी हेडमास्तरांना सांगते, पहिली द्या.”

मला स्फुरण चढलं. उठले, पत्रकं वाटत सुटले. बघा, यासाठीच आमची मागणी! मॅडमनी पत्रक अख्खं वाचलं, घडी घातली.

“छान छापलंस. आता तूच सांग गो, का उलटवायचा?”

दहावीला मला गणितात पैकीच्या पैकी होते. मी फळ्याशी गेले आणि पुन्हा उलटवून गुणलंच.

“मग आजची रात्र सगळ्यांनीच विचार करा,” प्रशिक्षक बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडम पिशवी घेऊन आल्या. टेबलावर तीन शेर तांदळाचा ढीग ओतला, शेजारी घरची मापं ठेवली. मापटं म्हणजे अर्धा शेर, चिपटं म्हणजे पाव.

“आमच्याकडं एका वेळेला पाऊण शेर शिजतो. मापटं नि वर चिपटं. तीन शेर किती वेळा पुरेल? पत्रकवाली, तू मोज.”

त्यांनी पहिला वाटा बाजूला काढला आणि म्हणाल्या, “लाभ.” मी मान डोलावली. दुसरा निघाला, मी म्हटलं, “एक.” मग दोन. मग तीन. तांदूळ संपले.

“तीनच!” मी ओरडले. “उत्तर चुकलंय!”

अख्खा वर्ग बाकं बडवून हसला. “अगो, धान्य मोजताना पहिलं माप म्हणजे लाभ, लाभ म्हणजेच एक! पेणला धान्य मोजत नाय काय कोणी?” मीही इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

मॅडमनी मात्र खडू उचलला होता. “एका शेरात चिपटी चार, म्हणून चारनं गुणलं. तीन शेरांची बारा झाली. एका वेळेला लागतात तीन, म्हणून तीननं भागलं. बघा, चार वर गेला, तीन खाली आला. हाच उलटा अपूर्णांक. रोज भाताला तांदूळ काढताना करत होते व्हय मी हे!”

प्रशिक्षक बाईंनी टाळ्या वाजवल्या. “मी आकृती काढून आणली होती. आता ती राहू दे.”

“मग पाचवी देताय ना सोडून?” मागून कोणीतरी डिवचलं.

“देते काय आता! सोमवारी आधी त्या पोरीलाच पुढं बोलावते. माप तिच्या हातात देते.”

उरलेल्या पत्रकांवर मी मथळ्याखाली पेनानं लिहीत बसले, ‘आणि आम्हालाही.’ मॅडमनी वाकून वाचलं आणि तांदूळ परत पिशवीत भरायला मला चिपटं दिलं. पहिलंच चिपटं भरून मी मोठ्यानं म्हटलं, “लाभ.”