कॅनडाचं लाल बटण

गाडी माणसाला टोकते, हे मी पहिल्यांदा कॅसेटवर ऐकलं. बाबा तेव्हा आखातात एका कंपनीच्या साहेबांची गाडी चालवायचे आणि पत्र लिहायचा त्यांना भारी कंटाळा. त्यामुळे सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून दोन-तीन महिन्यांनी आमच्याकडे विरारला एक कॅसेट यायची. साठ मिनिटांची, आणि दोन्ही बाजूंना बाबाच बाबा. चंदनसारच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात आई, ताई आणि मी टेपरेकॉर्डरभोवती बसून ती ऐकायचो. अशाच एका कॅसेटमध्ये ते मध्येच म्हणाले, "आता सगळ्या गप्प बसा आणि नीट ऐका." बोलत एकटे तेच होते, ही गोष्ट वेगळी. मग इंजिनाची घरघर आली आणि तिच्यावर एक बारीक आवाज. टिंग, टिंग, टिंग.

"ऐकलंत? एकशेवीसच्या वर गेलो की ही बया अशी मागे लागते. पाय काढेपर्यंत सोडत नाही. इथल्या गाड्यांना ही घंटा बसवूनच येते."

आई म्हणाली, "काहीतरीच! चमचा वाजवत असतील ग्लासावर." मला मात्र पुढे कित्येक दिवस दुसरं काही सुचेना. आमच्याकडे स्टेशनला जाणारी रिक्षा खड्डे चुकवत बैलगाडीच्या चालीने जायची, आणि जगात कुठेतरी असा रस्ता होता की जिथे गाडीलाच माणसाला आवरावं लागत होतं.

सत्त्याण्णवच्या सुमारास बाबा कायमचे परत आले आणि हौसेने एक जुनी, छोटी पांढरी गाडी घेतली. तुळिंजला एका इलेक्ट्रिशियनकडे जाऊन तिला सायरनवाला अलार्म बसवला, वर रिव्हर्सचा हॉर्नही. मागे घेताना गाडी आरतीच्या चालीवर वाजायला लागली. सोसायटीतल्या एक आजी पहिल्या दिवशी चक्क हात जोडून उभ्या राहिल्या. बाबा खो खो हसले. म्हणाले, "बघ, प्रत्येक देशाच्या गाडीला कशाची ना कशाची भीती असते. तिकडच्या गाडीला वेगाची भीती. इकडच्या गाडीला वाटतं, आपल्या मागे नक्की कोणीतरी उभं आहे."

तीन वर्षांनी एका सकाळी दाढी करता करता ते कोसळले. पक्षाघात. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून निघायचा तो फक्त एक 'अं'. ज्या माणसाने कॅसेटच्या दोन्ही बाजू भरून काढल्या, त्याच्या वाट्याला एक अक्षर उरलं. ह्या गोष्टीचा मला इतका राग यायचा की तो कोणावर काढावा कळायचं नाही. मी शाळेत शिकवते. बऱ्याचदा तो वर्गावर निघायचा.

आईने त्यांच्या उशाशी देवातली घंटा ठेवली. पण डाव्या हातात अजून जोर नव्हता, आणि आई स्वयंपाकघरात असली की कुकरपुढे ती घंटा ऐकू जायची नाही. एकदा सोसायटीत पाण्याचा टँकर आला म्हणून आई हंडे-बादल्या घेऊन रांगेत उभी राहिली. मी शाळेत होते. ती परत आली तेव्हा बाबा पलंगाखाली फरशीवर पडलेले होते. किती वेळ, कोण जाणे. लागलं नव्हतं काही. पण त्या दिवसापासून ते दाराकडे तोंड करून पडायला लागले आणि आई खोलीतून निघाली की त्यांच्या डोळ्यांत जे यायचं ते मला बघवायचं नाही. त्यांना औषधापेक्षा जास्त एकच गोष्ट हवी होती. हाक मारता यायला हवी होती.

त्या डिसेंबरात ताई कॅनडाहून आली. लग्नानंतर ती तिकडेच असते. तिने पर्स टेबलावर उपडी केली, त्यात तिच्या तिकडच्या गाडीची किल्ली निघाली. काळी, गुळगुळीत, वर तीन बटणं, आणि त्यातलं एक लाल.

"हे कशाला?" मी विचारलं.

"घाबरलं की दाबायचं," ताई म्हणाली. "पार्किंगमध्ये आपण एकट्या असलो, कोणी मागे यायला लागलं, तर हे दाबायचं. गाडी लांबूनच बोंब मारते. दिवे लागतात, हॉर्न वाजत राहतो. तिकडे बहुतेक सगळ्या किल्ल्यांना असतं."

"आणि मग लोक येतात?"

"येतात असं नाही. चुकून दाबलं असेल असंच समजतात."

ती आणखीही बरंच सांगत होती. तिकडच्या गाड्यांचे दिवे भर दुपारीसुद्धा जळतात, किल्ली फिरवली की आपोआप लागतात, बंद करायची सोयच नाही. मी आ वासून ऐकत होते. एवढ्याशा डबीत एक न दिसणारी हाक भरून ठेवायची आणि ती भिंतीपलीकडे जाऊन लोखंडाला जागं करते! रिमोट काही मला नवा नव्हता, बाबांचा होताच. पण तो दार उघडायचा आणि लावायचा. माणसाच्या भीतीसाठी कोणी बटण केलं असेल, आणि त्याला लाल रंग दिला असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आमचं बोलणं चाललेलं असताना बाबांनी डावा हात पुढे केला. ताईने किल्ली दिली. त्यांनी ती खिडकीकडे रोखली. खिडकीबाहेर त्यांची पांढरी गाडी उभी होती, चालवायला कोणी नसल्यामुळे धूळ खात. त्यांनी लाल बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा.

"बाबा, ते कॅनडाचं आहे," मी म्हटलं. "आपल्या गाडीला ते कसं कळणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली मुठीत धरून ठेवली. परत द्यायला तयारच नव्हते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी ताईची किल्ली आणि बाबांचा रिमोट घेऊन मी तुळिंजला गेले. इलेक्ट्रिशियनने कॅनडाची किल्ली उघडली, आतली पट्टी उजेडात धरली आणि दागिना पारखावा तशी बराच वेळ पाहिली. "काय काम आहे मॅडम! पण ही आपल्या गाडीशी कधी बोलणार नाही. तिची फ्रिक्वेन्सीच वेगळी. तिकडची लहर वेगळी, आपली वेगळी."

मी सगळं सांगितलं. बाबांना तो ओळखत होता. ऐकता ऐकता त्याने आमचा साधा दोन बटणांचा रिमोट उचलला, टपरीबाहेर तसाच अलार्म बसवलेली एक गाडी उभी होती, तिचा मालक ऐकत नाही ना ते पाहिलं, मग बिचकत म्हणाला, "ह्यात आहे की ते! लॉकचं बटण तीन सेकंद दाबून ठेवायचं. हा माल बाहेरच्या देशांसाठी बनतो ना, त्यांना लागतं म्हणून आत घातलेलं असतं. इकडे कोणी विचारत नाही, म्हणून आम्ही सांगत नाही. फक्त आठवड्यातून दोनदा गाडी चालू करून ठेवा, बॅटरी उतरायला नको."

म्हणजे इतके महिने ती हाक बाबांच्या उशाच्या खणात पडून होती, आणि आम्ही देवाची घंटा वाजवत बसलो होतो.

घरी आल्यावर ताईने आपलं नेलपॉलिश काढून त्या बटणावर लाल ठिपका दिला. वाळायची वाट बघताना आम्ही चौघंही त्या ठिपक्याकडे बघत बसलो. मग बाबांनी अंगठा टेकवला. एक, दोन, तीन. आणि खिडकीबाहेरून ती गाडी सहा सुरांत ओरडायला लागली. आधी लांब हेल, मग टिवटिव, मग भोंगा, सगळं ओळीने. इमारतीच्या गॅलऱ्या भरल्या, कावळे उडाले, कुणाचं तरी तान्हं बाळ रडायला लागलं. आणि बाबा हसत होते. अर्ध्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी गळत असताना, पण हसत होते. आई भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं, समोर काहीतरी घडतंय आणि त्याच्यापुढे आपण फार लहान आहोत.

ताई परत गेली. बाबांनी मग मागचं सगळं भरून काढलं. चहासाठी दाबलं. पेपर पडला म्हणून दाबलं. बुधवारी, शुक्रवारी अर्नाळ्याहून पाटी घेऊन एक मावशी मासे विकायला यायची, ती फाटकात दिसली की तिच्यासाठी दाबायचे. ती खूश व्हायची. "पयली सलामी आमाला," म्हणायची.

सोसायटी खूश नव्हती. फेब्रुवारीत वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. सज्जन माणूस, आमच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडेच असायची. ते चप्पल काढून दारातच उभे राहिले. "मुलीची बारावी आहे हो. ती काही बोलत नाही, पण दर वेळी दचकते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका गेले आणि मी सगळा राग बाबांवर काढला. "बाबा, हे खेळणं नाही. त्या पोरीचं वर्ष आहे. परीक्षा संपेपर्यंत ह्याला हात लावायचा नाही. कळलं?"

त्यांनी मान हलवली. मुलीने बापाशी बोलायचा तो सूर नव्हता. तो माझा वर्गातला सूर होता, आणि तो मला तेव्हाही ऐकू आला होता.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा सुरू झाली. एका शुक्रवारी आईला डोळे तपासायला बोरिवलीला जायचं होतं. मला शाळेत खालच्या वर्गांच्या परीक्षेची ड्युटी होती, पण मी बारापर्यंत सुटणार होते. आई दहाला बाबांचं सगळं करून, बाहेरून कुलूप लावून निघाली. मला सुटायला उशीर झाला. घराजवळ पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते.

आमच्या खिडकीखाली मासेवाली मावशी बसली होती. पाटी बाजूला, एक हात गजांतून आत.

"ये बाय, लवकर ये," ती मला बघून म्हणाली. "पडलेत ते. मी येऊन अर्धा घंटा झाला. त्याच्या आधी कवा पडले देव जाने."

मी गजांतून पाहिलं. पलंग आणि खिडकीच्या मध्ये बाबा फरशीवर बसल्यासारखे कलंडले होते. मावशीने आपल्या बाटलीतलं पाणी त्यांना पाजलं होतं, शर्टाची कॉलर ओली होती. डाव्या मुठीत रिमोट होता.

"पानी पाजलं. म्हनलं, दाबा ना ते बटन, लोक येतील. तर मान हलवतात, नाय. म्हनलं, मी वर जाऊन कोनाला आनते, तर हात कपाळाला लावून पाया पडल्यासारखं करायला लागले. मोठ्या मानसानं असं केल्यावर मी कशी जानार? मग त्यांनी असं केलं." मावशीने एक बोट वर छताकडे दाखवलं आणि दुसऱ्या हाताने हवेत लिहिल्यासारखं केलं. "वर कोन लिवत बसलंय काय?"

मी कुलूप कसं काढलं आठवत नाही. बाबांजवळ जाऊन बसले. त्यांचं अंग गार पडलं होतं आणि धोतर ओलं होतं, आणि ते माझ्याकडे बघत होते, काही चुकलं का विचारावं तसं. मी त्यांचा अंगठा धरला आणि त्या लाल ठिपक्यावर ठेवून माझ्या अंगठ्याने दाबला. एक, दोन, तीन. बाहेर गाडी ओरडायला लागली.

सगळ्यांच्या आधी धावत आली ती वरची मुलगी. अनवाणी, हातात पेन, बोटांना शाई. दारात थबकली, मग सरळ आत येऊन फरशीवर बसली आणि बाबांच्या दुसऱ्या बाजूने खांदा लावला.

"काका, मला का नाही बोलावलंत?" ती म्हणाली. "आज पेपर नव्हता. मी सकाळपासून वरच आहे."

मागून तिचे वडीलही आले. आम्ही तिघांनी मिळून बाबांना पलंगावर घेतलं. गाडी अजून वाजत होती, कोणालाच ती बंद करायचं सुचलं नव्हतं. मी बाबांना पांघरूण घालत होते तेव्हा त्यांनी डावा हात पुढे केला आणि मूठ उघडली. रिमोट माझ्यापुढे धरला. घे परत, असं.

मी ती मूठ माझ्या दोन्ही हातांनी मिटवली. "नाही बाबा," मी म्हटलं, "तुमच्याकडेच राहू दे. काही नको असलं तरी दाबा."