घरात एकच भाषा

माझं माहेर पिंपळनेरजवळचं एक खेडं. लग्न होऊन भुसावळजवळ दीपनगरला आले, कारण हे तिथल्या वीज केंद्रात नोकरीला होते. कॉलनीत ठिकठिकाणचे लोक, म्हणून बाहेर पुस्तकी मराठी. घरात मात्र आम्ही दोघं खानदेशीच बोलायचो.

मुलगी दीड वर्षाची होती तेव्हा एका दुपारी केंद्रातून एकदम वाफ सोडली. कानठळ्या बसवणारा आवाज. शेजारच्या पोरी रडत घरात पळाल्या. आमची पायरीवर मातीत बोट फिरवत होती, ती फिरवतच राहिली. मी तिच्या मागे उभी राहून ताट वाजवलं. मग आणखी जोरात. त्या दिवशी चूल पेटली नाही.

जळगावच्या डॉक्टरांनी कान तपासले आणि एका बाईंचा पत्ता दिला. बाई बहिऱ्या मुलांना शिकवायच्या, पण शनिवारी आयांचा वर्ग घ्यायच्या. मी भुसावळहून पॅसेंजरने जायचे. मुलीच्या छातीवर श्रवणयंत्राची डबी बांधलेली, तिच्यातून कानात गेलेली वायर. पोरगी रेडिओ ऐकते का, असं गाडीत एकाने विचारलंही होतं.

वर्गात सहा आया होत्या. दोष कोणाच्या घराण्याकडून आला, हे तिथे कोणीच विचारलं नाही. तेवढ्यानेच मला रडू आलं. बाई सांगायच्या, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या. लेकराच्या डोळ्यांसमोर बसा. तुटक बोलू नका, पूर्ण वाक्य बोला. आणि घरात एकच भाषा ठेवा.

मी विचारलं, "बाई, आम्ही घरी खानदेशी बोलतो. चालेल ना?"

त्यांनी उलट विचारलं, "शाळेत ती कोणत्या भाषेतलं पुस्तक वाचेल?"

"मराठी."

"मग तीच बोला. तिला ओठ वाचायचेत. तुम्ही 'शे' म्हणाल, शाळेत 'आहे' म्हणतील. तिचा गोंधळ होईल."

मला पटलं. घरी आल्यावर आरशासमोर बसून मी 'आहे' म्हणायला शिकले. दूध गरम शे, असं तोंडाशी यायचं. ते गिळायचं आणि मग बोलायचं. लाडाने जवळ घेतानासुद्धा आधी वाक्य जुळवावं लागे. ह्यांना ते जमेना, म्हणून ते तिच्याशी कमीच बोलू लागले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले. मायने नातीला झोक्यावर मांडीवर घेतलं आणि बोलत सुटली. मी म्हटलं, "माय, तिच्याशी असं नको बोलू. बाईंनी सांगितलं आहे."

माय माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याशीही 'आहे' म्हणाले होते, हे मला नंतर कळलं. ती हळूच म्हणाली, "मंग मी काय मुकी बसू?"

दुसऱ्या दिवसापासून ती प्रयत्न करू लागली. साहेबापुढे उभी असल्यासारखी एकेक शब्द सांभाळून विचारायची, "पाणी... पाहिजे... का?" पोरगी तिचे ओठ बघून हसायची. शेवटी मायने बोलणंच सोडलं. नातीला शेजारी बसवून ती पुरणपोळ्या लाटायची आणि पिठाचा गोळा तिच्या हातात द्यायची.

बाईंची शिकवण लागू पडली, हे मला खोटं म्हणता येणार नाही. चौथ्या वर्षी मुलगी 'पाणी' म्हणाली. परक्याला ते 'पाई' ऐकू आलं असतं. पुढे ती साध्या शाळेत गेली आणि अक्षर तर वर्गात सगळ्यांत सुंदर काढू लागली.

ती आठवीत असताना माय गेली. दिवस झाल्यावर परतताना एसटीत मुलीने माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं. "मी झोपायला गेले की आजी ओठ हलवायची. काय म्हणायची?"

माय म्हणायची, नीज मन्ही माय, नीज. मी ते तिला मराठीत सांगितलं, झोप माझी आई, झोप. तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघू लागली. मायचे शब्द जसेच्या तसे तिला दाखवावेत, असं फार वाटलं. पण माझ्या ओठांवर ती बोली तिने कधी बघितलीच नव्हती.

बाई निवृत्त झाल्या, तरी शनिवारचा वर्ग चालू राहिला. आम्ही जुन्या आयाच आळीपाळीने बसायचो. एकदा साक्रीकडची एक तरुण आई आली. कडेवर दोन वर्षांची मुलगी. मी उजेडाचं सांगितलं, पूर्ण वाक्याचं सांगितलं. तिने विचारलं, "अक्का, घरमा आपलीच बोली बोलनी तर चाली का?"

मला उत्तर पाठ होतं. तरी मी म्हणाले, "बोल. शाळेचं शाळेत बघू."

मी बरोबर सांगितलं की चूक, मला आजही माहीत नाही. तिने लेकीला समोर बसवलं, तोंडावर उजेड घेतला आणि तिला आपल्याकडे बघायला लावत म्हणाली, "आठे देख, मन्ही माय." मग डबी, पिशवी, माझी साडी, जे दिसेल त्याविषयी ती बोलत राहिली. माझी गाडीची वेळ होऊन गेली. मी तिथेच बसून ऐकत होते.