मागं कोण बसते?

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत बहुतेक गॅरेजांच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली असते. फुलसिंगकाकांच्या दारावर हातभर लांबीचा एक गंजका पाइप होता. एका टोकाला वेल्डिंगचा ओबडधोबड जोड, दुसरं टोक कापलेलं. नवं गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? काका म्हणायचे, "माह्या हातचं काम हाय. पाहून घे." पुढे एक शब्द नाही.

मालवाहू गाडी दारात आली की ते बॉनेटकडे जायचे नाहीत. मागे जायचे, ताडपत्री उचलून हौद्यात डोकावायचे आणि विचारायचे, "मागं कोण बसते?" कापूस म्हटलं तर मान हलवायचे. बकऱ्या म्हटलं तर म्हणायचे, "बकरीलेही नाक असते." माणसं म्हटलं की तिथेच पाठीवर आडवे होऊन गाडीखाली शिरायचे, आणि वर यायला वेळ लावायचे.

मी पहिल्यांदा गेलो तो आमचा जुना ट्रक घेऊन. छोटा, पेट्रोलवरचा. माझे वडील बाभुळगावात मोर्च्यांची पत्रकं वाटायचे. अक्षरओळख मला त्या पत्रकांवरच झाली, आता ती मीच लिहितो. ट्रक बाजाराला भाजी न्यायचा, हंगामात मजूर, मोर्च्याला माणसं. हल्ली चढावर ओढत नव्हता. सायलेन्सरच्या आधी एक जाळीचा डबा असतो, धुरातलं विष मारण्यासाठी कंपनीनेच बसवलेला. तो चोंदलाय, काढून फेक, असं बाभुळगावात ज्याला त्याला वाटत होतं.

"काका, डबा काढून सरळ पाइप टाकून द्या."

"काहून?"

"ओढत नाही. चोंदलाय म्हणतात."

"कोण म्हणते?"

"सगळेच."

"मंग सगळ्याइकडूनच काढून घे." मग तो ठरलेला प्रश्न. "मागं कोण बसते?"

मी जरा छाती काढूनच सांगितलं, मजूर, मोर्च्याची माणसं.

"मोर्च्यात काय बोंबलता रे तुमी?"

"जगण्याचा हक्क."

"आन् पोचेपर्यंत?"

इतकी पत्रकं लिहिली, दोन शब्दांत कोणी मला असं गप्प केलं नव्हतं. काका गाडीखालूनच बोलत राहिले. "डबा चोंदला म्हणजे इंजन कच्चं पेट्रोल फेकून राह्यलं, नाही तं ऑइल जाळून राह्यलं. नाक चोंदलं तं सर्दी पायतेत. तू नाकच कापाले आणलं काय बे?" दोन दिवस गाडी ठेवून घेतली. प्लग बदलले, खराब सेन्सर बदलला, मग नवा डबा बसवला. गाडी चढावर पूर्वीसारखी ओढू लागली. जाताना म्हणाले, "काळ्या धुराचं मले भेव नाही. तो दिसते, माणूस तोंड फिरवते. जे मारते ना, त्याले रंग नाही, वास नाही. नुसती झोप आल्यावानी वाटते."

झोपेबद्दल बोलताना त्यांची नजर दारावरच्या पाइपाकडे गेली होती.

पाइपाची गोष्ट मला गंगाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने सांगितली. काकांना सकरी नावाची धाकटी बहीण होती. त्यांच्या तांड्यावरच्या बायका कापूस वेचायला एका मुकादमाच्या ट्रकमधून जायच्या, तोही पेट्रोलवरचाच. त्याचं नाव मी लिहीत नाही. भीती म्हणून नव्हे. नाव लिहिलं की वाचणारा म्हणेल, तो एक माणूस वाईट होता, आणि सुखाने पान उलटेल. त्या मुकादमाने काकांकडून डबा कापून घेतला होता. मागचा पाइप कच्च्या रस्त्यावर घासतो म्हणाला, म्हणून काकांनी पाइपही आखूड केला, हौद्याच्या खालीच संपेल असा. पौषातली सकाळ होती. गारठा फार, म्हणून बायकांनी ताडपत्री सगळीकडून आवळून घेतली. शेत आलं तेव्हा कोणी ओकत होतं, कोणाला उभं राहवत नव्हतं. कोपऱ्यात सकरी डोकं टेकून बसली होती. सगळ्यांना वाटलं, झोपली.

मुकादमाने सगळीकडे एकच सांगितलं: बाई अशक्त होती, उपाशी निघाली होती. तेच कागदावर आलं आणि तेच राहिलं.

तेरवी झाल्यावर काका करवत घेऊन मुकादमाच्या आवारात गेले, स्वतः घातलेला पाइप स्वतः कापला आणि तांड्याच्या नसाबेत, पंचांच्या बैठकीत, मधोमध नेऊन ठेवला. लोक मुकादमाविरुद्ध तक्रार ऐकायला जमले होते. काका म्हणाले, "पयला गुन्हेगार मी. डबा म्या कापला, पाइप म्या आखूड केला. मले विचारता आलं असतं, मागं कोण बसते म्हणून. म्या नाही विचारलं. माही शिक्षा सांगा, मंग त्याची सांगू."

पंचांच्या आधी एक म्हातारी बोलली, "मुकादमाची बायको कदी मागं बसली काय?"

तिथून तांड्याचा नेम पडला. मजूर न्यायला आलेल्या गाडीचा मालक आधी मागे बसेल. ताडपत्री बांधलेली, इंजिन चालू. बाहेर बायका चहा घेतील. चहा संपला आणि मालक धड उतरला तर बायका चढतील. भल्या माणसासाठी बायका चहा फुंकर न मारता प्यायच्या. काहींसाठी मात्र बशीत ओतून, गार करून, गप्पा मारत.

मुकादम काही बसला नाही. त्याने बाहेरगावच्या टोळ्या आणायला सुरुवात केली, ज्यांना हा नेम माहीत नव्हता.

पुढे एकदा तो काकांच्याच गॅरेजवर आला तेव्हा मी तिथे होतो. ट्रक तोच, मागचा पाइप पुन्हा तसाच आखूड. आरटीओच्या तपासणीपुरता नवा डबा बसवलेला, तपासणी झाली, आता परत काढायचा होता. दुसरीकडे जायचं सोडून तो इथे का आला, हे मला त्याच्या हसण्यावरून कळलं. त्याला पाहायचं होतं, म्हातारा वाकतो का.

"काढतो," काका म्हणाले. "मागं बस. ताडपत्री मी बांधतो."

"अजून तेच धरून बसला काय बे फुलसिंग? अशक्त होती ते. मेली."

काकांच्या हातात मोठा पाना होता. खरं सांगतो, तो उचलला जावा असं मला मनापासून वाटत होतं. हिंसेविरुद्ध मी पानंच्या पानं लिहिली आहेत. त्या क्षणी त्यातली एकही ओळ आठवली नाही. काकांनी पाना खाली ठेवला, हात पुसले.

"हा तुह्या डोक्यात घालाचा असता तं तवाच घातला असता. मले तुहा जीव नाही पायजे, मुकादम. मले तू मागं बसलेला पायजे."

मुकादम गाडी घेऊन निघून गेला. डबा त्याने दुसरीकडून कापून घेतला. मी काकांवर चिडलो. म्हणालो, तुम्ही सोडून दिलं त्याला. काका म्हणाले, "सोडलं कुठी? वाट पाहून राह्यलो."

वाट पाहता पाहताच ते गेले. गेल्या कापसाच्या हंगामात, गॅरेजमध्येच छातीत कळ आली, तासाभरात संपलं. अंत्यविधी तांड्यावर होता. काकांना न्यायला मी आमचा ट्रक आणला, त्यांनीच नीट केलेला. गॅरेजसमोर तांड्यावरच्या बायका जमल्या होत्या. तेवढ्यात मुकादमाचा तोच ट्रक आला. आता त्याला निवडणुकीला उभं राहायचं होतं. तो पांढऱ्या शुभ्र कपड्यांत उतरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बायांनो, बसा माह्या गाडीत. फुलसिंग आपलाच माणूस होता."

एकही बाई हलली नाही. गंगाकाकू जमिनीवरून उठल्या. डोळे रडून सुजलेले, पण आवाज साफ.

"आधी तू बस, भाऊ. नेम हाय."

भोवती दीडशे माणसं, त्यातले बरेच मतदार. मुकादमाने इकडेतिकडे पाहिलं, हसायचा प्रयत्न केला आणि चढला. त्याच्या ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. ताडपत्रीची दोरी मी बांधली. काकांनी शिकवलेली गाठ मला येत होती.

नेमाप्रमाणे चहा हवा. पण मयताच्या दारी चूल पेटत नाही. चहाच नव्हता, म्हणून मोजायलाही काही नव्हतं. बायका नुसत्या उभ्या होत्या. हौद्याखालून इंजिनाचा आवाज येत होता, धूर दिसत नव्हता. आतून खोकला आला. मग पत्र्यावर थापा. मग, "खोला! खोला ना बे!"

दोरी माझ्या हातात होती. मी काकूंकडे पाहिलं. त्या हौद्याच्या त्या कोपऱ्याकडे पाहत होत्या, जिथे सकरी डोकं टेकून बसली होती.

"खोल," त्या म्हणाल्या.

मी लगेच नाही खोललं. हे मी लपवणार नाही. काकूंना दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

मुकादम खाली आला तो चाकाला धरून ओकला. पांढऱ्या सदऱ्यावर, चपलांवर. कोणी पाणी पुढे केलं नाही. काकू त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुले खोल म्हणता आलं. सकरीले तेवढंही सुचलं नाही. आमाले वाटलं, झोपली. आता सांग साऱ्याइले, अशक्त होती काय थे?"

तो मान वर न करता म्हणाला, "नव्हती." जवळच्यांनीच ते ऐकलं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "मोठ्यानं." तो मोठ्याने म्हणाला.

मग बायका माझ्या गाडीत चढल्या, काकांच्या भोवती दाटीवाटीने. ताडपत्री आम्ही काढून टाकली. सुरू करण्याआधी माझ्या तोंडून काकांच्या सवयीने निघालं, "मागं कोण बसते?" मागून काकूंचा आवाज आला, "आमी हाओ. चाल."

पाइप आता माझ्याकडे आहे. आणि मी एक नवं पत्रक छापलं आहे. त्यात मागणी नाही, निषेध नाही, खाली संघटनेचं नावही नाही. तीनच शब्द आहेत, काकांचे. जिल्ह्यात मजूर नेणारी गाडी दिसली की आम्ही ते मागच्या फळीवर लावतो. मुकादमाच्या ट्रकवर दर आठवड्याला. तो खरवडून काढतो, आम्ही परत लावतो. आमच्या शिवारात बाभळी भरपूर आहेत. डिंक संपायचा नाही.