रिकामी डिस्क ओळखणारा माझा आतेभाऊ

रिकामं बसलेलं काहीही माझ्या आतेभावाच्या नजरेतून आजवर सुटलेलं नाही. माझ्या लग्नात भटजी पाणी प्यायला थांबले, तेवढ्यात त्याने हॉलमधले सगळे पंखे बंद केले, सासरेबुवा घाम पुसत चौकशी करू लागले तर म्हणाला, "काम थांबलंय ना, मग?" लालबागच्या त्यांच्या खोलीत दुपारी कुणी आडवं झालं की हा दर पाच मिनिटांनी त्याला हलवून "झोपलास काय रे?" असं विचारणार आणि होकार मिळाला की समाधानाने दिवा घालवणार. माझी आत्या तर झोपेतच "हो" म्हणायला शिकली होती.

तरुणपणी तो परळच्या एका गिरणीत सूतकताईच्या खात्यात होता. चालत्या यंत्रावर तळहात ठेवून, कुठल्या चातीवरचा धागा तुटलाय आणि ती उगाच फिरतेय, हे तो सांगायचा. मग संप झाला आणि त्याची गिरणी त्याच्यासाठी पुन्हा उघडली नाही. मधली काही वर्षं मिळेल ते काम करून तो दादरच्या एका कॉम्प्युटर क्लासात पोरासोरांबरोबर बसला आणि शेवटी त्याच गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत, एका कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये लागला. तिथे कपाटं भरून हार्ड डिस्क चोवीस तास गरगरत होत्या आणि त्यांतल्या कित्येकींना महिनोन्महिने कुणी विचारत नव्हतं. हे त्याला सोसवेना. वीस मिनिटं काम नसलेली डिस्क आपोआप बंद होईल असा प्रोग्राम त्याने लिहिला. महिनाभर एकही डिस्क बंद झाली नाही. खोड घरचीच होती: डिस्क रिकामी आहे का हे बघायला त्याचा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी तिच्यावरची एक फाइल उघडायचा, आणि तेवढ्यानेच ती कामाला लागायची. चूक उमगल्यावर त्याने डिस्कला विचारणंच सोडलं. कुठल्या डिस्कवर किती वेळा लिहिलं-वाचलं याची नोंद मशीन स्वतःच ठेवतं. ती नोंद वीस मिनिटं हलली नाही की डिस्क बंद. कुणी फाइल मागितली की ती दहाएक सेकंदांत पुन्हा फिरू लागायची. "उठवायचं कशाला? हजेरीपट बघायचा," असं तो मला मोठ्या शोधाच्या थाटात सांगायचा.

साहेब इतके खूष झाले की त्यांनी मीटिंग भरवून केक कापला, आणि केकचा घास तोंडात असतानाच त्यांना एक कल्पना सुचली. साहेबांना सुचलेली कल्पना तपासून बघायची त्या कंपनीत पद्धत नव्हती. कीबोर्डला वीस मिनिटं हात न लावणाऱ्या माणसांची यादीही असाच प्रोग्राम देईल का? "बंद वगैरे नाही करायचं हो," साहेब म्हणाले, "नुसती यादी." आतेभावाला हे अर्ध्या दिवसाचं काम होतं. करून दिलं तर बढती होती, नाही दिलं तर नोकरीचं काही खरं नव्हतं. रिकामपणाचा हा जन्माचा वैरी काय करणार, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती.

त्याने नाही म्हटलं. "साहेब, डिस्क बंद केली तरी हाक मारली की उठते," तो म्हणाला. "संपानंतर आम्ही इथेच, खाली गिरणीच्या गेटवर बसलो होतो. हाक मारायला कुणी आलंच नाही."

साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली आणि यादी बाहेरच्या लोकांकडून करून घेतली. तीत पहिलं नाव आतेभावाचं होतं, कारण तो दिवसभर कीबोर्ड सोडून डिस्कांच्या कपाटांवर तळहात ठेवत फिरायचा.

आता तो घरी असतो. मला त्याची काळजी वाटते, पण ती बोलून दाखवायची आमच्यात रीत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा मी फोन करून सांगतो की माझा कॉम्प्युटर चालत नाहीये. अर्ध्या तासात तो लालबागहून दादरला हजर होतो. कॉम्प्युटर ठणठणीत आहे हे त्याला खुर्चीत बसल्या बसल्या कळतं. तरी तो तासभर काहीबाही तपासत राहतो, चहा घेतो, आणि जिना उतरताना मागे वळून सांगतो, "परत बिघडला की फोन कर रे."