माहेरासाठी मांडलेला सारीपाट

आमच्या सासरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कोणत्या सुनेनं माहेरी जायचं, हे सारीपाटावर ठरत असे. हे सांगितलं की आताच्या मुली तोंडाला पदर लावून हसतात. हसोत बापड्या. खानदेशातल्या सासुरवाशिणीला एक वेळ दिवाळी चुकली तरी चालेल, पण आखाजी चुकली की पुढं वर्षभर घास गोड लागत नाही. निंबाच्या फांदीला झोका, गाणी, आंब्याचा रस, आणि आईच्या घरात भर दुपारी पाय पसरून लोळायला मिळणं, हे सगळं त्या एका सणात असे.

अडचण अशी की घरात सुना आम्ही दोघी, आणि त्याच सणाला घरची लेकही माहेरी यायची. पितरांची घागर भरायची, खापरावर मांडे करायचे, म्हणजे एक सून तरी चुलीपाशी हवीच. लग्नानंतरची पहिली आखाजी बिनबोभाट मिळे. पुढं मात्र रोज धुसफूस. एकीची बहीण आलेली असायची, दुसरीची आई आजारी पडायची, आणि दोघींची तोंडं सुजलेली. सासूबाई या कटकटीला कंटाळल्या आणि त्यांनी पट मांडला. कवड्यांना लाडकी सून कळत नाही न् नावडतीही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पट लाल खादीचा होता आणि त्यावर घरं पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली. मध्ये चौक, चौकाला चार पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यात घरांच्या तीन ओळी. सोंगट्या सारंगखेड्याच्या जत्रेतून आणलेल्या, तांबड्या, हिरव्या, पिवळ्या आणि काळ्या, प्रत्येकीला चार. काळ्यांपैकी एक हरवली होती, तिच्या जागी चिंचोका चाले. सहा कवड्या ओंजळीत खुळखुळवून टाकायच्या. उताण्या पडतील तितकी घरं पुढं जायचं. एकच उताणी पडली तर दहा, सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस, आणि असं मोठं दान पडलं की पुन्हा टाकायला मिळे. चौकातून निघून साऱ्या पटाला फेरा घालायचा आणि आपल्याच मधल्या ओळीनं परत चौकात यायचं. परतीला लागलेली सोंगटी आडवी ठेवायची, म्हणजे कोण निघालीय आणि कोण घरी चाललीय ते कळतं. फुलीच्या घरातल्या सोंगटीला मारता येत नाही. फुलीबाहेर सापडली की मेली, आणि मग बिचारीला पहिल्यापासून सगळा फेरा. शेवटी चौकात शिरताना दान नेमकं पडावं लागे. एकानं जास्त पडलं तरी तिथंच बसून राहा.

इथवर सगळीकडं सारखंच. भांडण पुढं. माझ्या माहेरी दोन सोंगट्या एका घरात बसल्या की ती जोड, आणि जोडीला मरण नाही. सासरी जोडसुद्धा मारत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच डावात थोरल्या जावेनं माझी जोड मारली, आणि मी कवड्या आपटून उठले. "आमनाकडे असं चालत नही!" मी ओरडले. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "तुन्ही मायना घरना नियम तुन्ही मायना घर. बठ खाले." बसले. न बसून जाते कुठं? ज्याच्यासाठी खेळ मांडला होता त्या माहेराला जायची वाट त्या पटावरूनच होती. तो डाव मी हरले आणि त्या वर्षी मांडे लाटताना पिठापेक्षा डोळ्यांतलं पाणीच जास्त सांडलं.

दुसरा नियम मला तेव्हा बिनकामाचा वाटे. खेळायला चौघी लागत. समोरासमोरच्या दोघी एक जोडी. आपल्या चारही सोंगट्या घरात गेल्या तरी जोडीदारणीची एक जरी बाहेर असली तर डाव जिंकला असं होत नसे. "जोडी जितस, एकलं कोनी जितत नही," सासूबाई बजावत. नणंद आणि सासूबाई या आमच्या जोडीदारणी. कुणी कुणाच्या समोर बसायचं ते कवडी टाकून ठरे.

पुढच्या वर्षी दोन्ही घरचे मुराळी एकाच सकाळी दारात हजर झाले. मुराळी म्हणजे लेकीला न्यायला आलेला माहेरचा माणूस. माझा भाऊ आणि थोरलीचा भाऊ, दोघंही भरल्या मिशांचे बाप्ये, ओट्यावर एकमेकांकडं पाठ करून बसले. बैल सोडलेले, गाड्या उभ्या. एकाला भरली गाडी न्यायची होती आणि दुसऱ्याला रिकामी, आणि कोणाला कोणती हे आतल्या कवड्या ठरवणार. माझी धाकटी बहीण सुरतेकडं दिलेली, लग्नानंतर पहिल्यांदा घरी येणार होती. मला त्या दिवशी जिंकायचंच होतं. थोरलीला मी बाई म्हणायची, पण त्या दिवशी पटावर ती माझी वैरीण होती.

जोडीदारीण म्हणून सासूबाई माझ्या वाट्याला आल्या. त्यांचा हात असा की कवड्या जणू त्यांचं ऐकत. माझा हात मात्र उतावळा. दोन सोंगट्या मारून घेतल्या, आणि थोरली गालात हसली तेव्हा तिसरीही मारून घेतली असती, पण सासूबाईंनी नुसतं डोळे वटारून मला फुलीवर बसवलं. दुपार कलली. ओट्यावरच्या बाप्यांनी दोनदा चहा मागितला, तो सासऱ्यांनाच करून द्यावा लागला. अखेर माझ्या चारही घरात शिरल्या. नणंद आणि थोरली यांची एकेकच उरली होती. सासूबाईंचीही एकच उरली होती, तो चिंचोका, चौकापासून तीन घरांवर. पडले चार. बसा. मग पडले पाच. बसा. मी देवाला नारळ बोलले, मग दोन बोलले. तिसऱ्या खेपेला तीन कवड्या उताण्या पडल्या, आणि मी सून आहे हे विसरून घरभर नाचले.

आनंदात माझी जीभ कधीच जागेवर राहत नाही. मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, जोडी जितनी ना? मंग तुम्ही बी जितनात. चाला, तुम्ही बी माहेरले चाला!"

नणंद हसली, थोरली हरलेली असूनही हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी एकेक कवडी उचलून पिशवीत टाकली, पिशवीची दोरी ओढली आणि हळूच म्हणाल्या, "मन्हा भाऊ जित्ता शे आजून."

भाऊ जिवंत म्हणजे माहेरही जिवंत. या बाईंना माहेर असेल हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. मला वाटायचं, त्या या घरात जात्यासारख्या आधीपासूनच आहेत.

सासरे दारातून म्हणाले, "आनि आठे घागर कोन भरी?"

"मी शे ना," थोरली म्हणाली. ती हरली होती. तिचा भाऊ बाहेर बसला होता, आणि तोंडावरचं दुःख तिला लपवताही येत नव्हतं. तरी ती उठली आणि म्हणाली, "मन्हा भाऊनी गाडी रिकामी जाई ऱ्हायनी. तुमनं गाव वाटवरच शे, आत्याबाई. तोच तुमना मुराळी." त्या क्षणी मला ती इतकी आवडली की मी तिच्या गळ्यात पडले. तिनं मला ढकलून दिलं. बरोबरच केलं. मी परतल्यावर ती माहेरी गेलीच, पण आखाजी सरल्यावरचं माहेर म्हणजे पंगत उठल्यावरचं जेवण.

दोन गाड्या निघाल्या. मी माझ्या भावाच्या गाडीत बसणार, तोच सासूबाईंनी माझा हात धरला. "माले एकलीले लाज वाटस. तू चाल संगे." मग मी त्यांच्या गाडीत, आणि माझा भाऊ मागून रिकामी गाडी हाकत, कुरकुरत. तापीचं पाणी उन्हाळ्यानं उतरलं होतं, बैलांच्या पोटापर्यंतच लागलं. पाण्यात गाडी असताना सासूबाई आपणहून बोलल्या. त्यांच्या सासूच्या राज्यात भावाचा मुराळी दरसाल येई, आणि घरात काम आहे म्हणून दरसाल रिकाम्या हातानं परत जाई. पुढं तो यायचा थांबला. पुढं सासू गेली, पण न बोलावता जायचं कसं, म्हणून त्या राहिल्या. एवढं सांगून त्या बैलांच्या शेपट्यांकडं बघत बसल्या. त्यांच्या त्या सासूचा मला असा राग आला की ती जिवंत असती तर मी तिच्याशी भांडले असते.

भावाचं घर गावाच्या टोकाला होतं. म्हातारा अंगणात खाटेवर सुंभ वळत बसला होता. सासूबाई गाडीतून उतरल्या, पदर डोक्यावर ओढला आणि तिथंच उभ्या राहिल्या. त्यानं डोळ्यांवर हात धरून बघितलं, बराच वेळ बघितलं. हातातला सुंभ खाली पडला.

"इतला उशीर?" तो म्हणाला.

सासूबाई पुढं झाल्या. त्यांनी भावाच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडल्या. तो त्यांच्या पिकल्या केसांवरून हात फिरवत राहिला, लहान पोरीच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

घरातून भावजय आली, पायांवर पाणी घातलं, गुळाचा खडा हातावर ठेवला आणि रीतीप्रमाणं विचारलं, "कितला दिन ऱ्हाशात?"

सासूबाईंनी डोळे पुसले. भावजयीकडं न बघता त्या माझ्याकडं वळल्या. हा प्रश्न आमच्या घरात सुना सासूला विचारतात, खाली मान घालून, आणि उत्तर कमीच मिळणार हे धरून. त्यांनी तसाच विचारला.

"कितला दिन ऱ्हाऊ वं?"

"मन भरे तितला दिन ऱ्हा, आत्याबाई," मी कसंबसं म्हणाले.

त्यांनी मान हलवली, आणि परवानगी मिळाल्यासारख्या आत गेल्या.