पडद्यावरच्या थापा

बाळाची सोनोग्राफी करणाऱ्यांकडे पेढे साठतात, छातीची करणाऱ्यांकडे घाबरल्याचे किस्से. परळच्या आमच्या आयसीयूत सगळ्यांत जास्त माझेच, कारण मी मुळातच घाबरट!

* * *

पहिल्याच दिवशी कांबळे सर म्हणाले, "फुफ्फुसात हवा असते, मशीनला आरपार दिसत नाही. मग ते थापा मारतं! आडव्या रेषा म्हणजे हवा, उभ्या खूप दिसल्या तर पाणी. आणि वरची पांढरी रेघ, म्हणजे फुफ्फुसाची कड, श्वासाबरोबर सरकली पाहिजे. नाही सरकली तर कदाचित फुफ्फुस फुटून छातीत हवा साठलीय, सुई टोचून ती काढा!"

त्या 'कदाचित'नं माझी झोप उडवली.

* * *

लालबागचे एक आजोबा. छातीवर मशीनचा प्रोब टेकवला, रेघ ढिम्म! मला दरदरून घाम. "सुई आणा!" मी ओरडलो.

आजोबांनी फुस्सकन श्वास सोडला. "आजून किती वेळ रोखू, डॉक्टर? एक्सरेवाला एवढा टाइम नाय लावत!"

* * *

शिकताना आम्ही स्वतःचीच छाती तपासायचो. मला माझ्यात दोन उभ्या रेषा दिसल्या. जेवण सुटलं. आईला फोन करून उगाचच सगळ्यांची चौकशी केली.

"नोकरी गेली काय रे?" आईनं विचारलं.

सर हसले. "एक-दोन कुणालाही असतात. जा, जेव!"

* * *

पुन्हा एकदा रेघ ढिम्म. मी पांढराफटक. फिलोमिना सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, फ्रीज काढा ना!" चित्र थांबवायचं बटण मीच दाबलं होतं.

* * *

मग सरच न्यूमोनियानं आमच्या बेडवर आले. एका दुपारी खोकता खोकता त्यांची धाप वाढली, ऑक्सिजन उतरू लागला. मी डावीकडे प्रोब ठेवला. रेघ ढिम्म.

फ्रीज? नव्हतं. श्वास रोखलाय? छाती तर भात्यासारखी चालली होती. सिस्टरनी सुई हातात दिली. फुफ्फुस फुटलं असेल आणि टोचली नाही, तर सर जातील. फुटलं नसेल आणि टोचली, तर मीच फोडीन.

मास्कमधून सर पुटपुटले, "लहानपणी टीबी झालेला... घोडपदेवला. डावं फुफ्फुस छातीला चिकटलंय, सरकायचं नाही. हृदयाच्या ठोक्याबरोबर हलतंय का बघ. दोघांमध्ये हवा असती... तर ठोका तिथवर पोचला नसता."

मी वाकून बघत राहिलो. रेघ बारीकशी थरथरली. परत थरथरली.

"हलतेय, सर!"

"मग सुई ठेव. आणि श्वास सोड आता. तुझा एक्सरे नाही चाललाय!"